चक्कर येत नाही, तरी तोल जातो

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझ्या आईचं वय ५४. सहा वर्षांपूर्वी तिला शोग्रेन हा ऑटोइम्यून आजार निघाला. डोळे आणि तोंड कोरडं पडतं, सांधे दुखतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी तेव्हापासून चालू आहे. गेल्या आठ महिन्यांपासून तिचा तोल जातो. सुरुवात उजव्या हातापासून झाली. बटण लावताना बोटं चाचपडायची, हातातली वस्तू निसटलेली कळायची नाही. मग पायांवर आलं. ‘पाय कुठे पडतोय तेच कळत नाही’ म्हणते. उजेडात भिंतीला हात लावून चालते, अंधारात जागची हलत नाही. बेसिनवर तोंड धुताना दोनदा पुढे कोसळली. चक्कर येते का विचारलं तर नाही म्हणते. हातापायांत जोर आहे. चक्करची बीटाहिस्टिन तीन महिने घेऊन झाली, उपयोग नाही. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. मग नसांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन सुरू झालं. आता ‘रिपोर्ट चांगले आहेत, मनावर घेऊ नका’ असं सांगतात. कुणी म्हणतं गहू बंद करा. हे तिच्या जुन्या आजारामुळेच असेल का? कुणाला दाखवावं? व्यायाम करू द्यावा की आराम? आणि ती बरी होईल का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ बेसिनची आहे. तोंडावर पाणी मारताना आपण डोळे मिटतो आणि थोडे पुढे वाकतो. त्या क्षणी आई पडतात, याचा अर्थ एरवी त्या नजरेच्या आधारावर उभ्या असतात.

तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून खबर येते: डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून, आणि तळपाय, घोटे, गुडघे यांच्या सांध्यांकडून. या खबरींची जुळवाजुळव लहान मेंदू करतो. बिघाड कुठे आहे त्यावर तोल जाण्याची तऱ्हा बदलते. कान बिघडला तर खोली फिरते, मान वळवली की वाढतं, मळमळतं. लहान मेंदू बिघडला तर डोळे उघडे असतानाही माणूस दारुड्यासारखा झुलतो, पाय फाकवून चालतो, जीभ अडखळते, आणि समोर दिसणाऱ्या पेल्याकडे नेलेला हातही डावीउजवीकडे चुकतो. सांध्यांकडची खबर तुटली तर डोळे उघडे असेपर्यंत बरंचसं निभावतं आणि अंधार झाला की सगळं कोसळतं. आईंचं वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी जुळतं. म्हणून बीटाहिस्टिनचा उपयोग झाला नाही. ते कानाचं औषध आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी तीन गोष्टी पाहता येतील. निदान यावरून होत नाही, पण त्या मोबाइलवर चित्रित करून नेल्या तर तपासणीला दिशा मिळते.

पहिली. आईंना खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत येईल असं उभं करा. पावलं जवळ, हात बाजूला. तुम्ही समोर, हात त्यांच्या खांद्यांजवळ पण न टेकवता. आधी डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट, मग मिटून. डोळे मिटल्यावर डुलणं एकदम वाढलं किंवा पाऊल टाकावं लागलं, तर तसं लिहून ठेवा. घरात एकटं असताना हा प्रयोग करू नका.

दुसरी. आईंना आडवं झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन बोटांत धरा, पण दोन्ही कडांनी. वरून-खालून धरलात तर तुमच्या बोटाच्या दाबावरूनच त्यांना दिशा कळेल आणि परीक्षा फुकट जाईल. अंगठा अगदी थोडा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, वर किंवा खाली हलवा आणि ‘वर की खाली?’ विचारा. क्रम ठरावीक ठेवू नका. दहापैकी किती बरोबर आले ते दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहा. मग हाताच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराला तसंच करा. निरोगी माणूस सहसा चुकत नाही. उजव्या हाताला आईंच्या बऱ्याच चुका झाल्या तर बटणांचं कोडं तिथेच उलगडतं.

तिसरी. दोन्ही हात पुढे, तळवे वर, बोटं पसरलेली, डोळे मिटलेले, असे अर्धा मिनिट. सांध्यांकडची खबर तुटली की काही जणांची बोटं आपोआप, संथपणे वरखाली वळवळू लागतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. हे चित्रीकरण जरूर दाखवा. गर्दीच्या ओपीडीत हे पाहायचं राहून जाण्याची शक्यता असते.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, शोग्रेनमध्ये हे होऊ शकतं. त्या आजारात प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, पण काही जणांत ती मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. काहींना तर नसांचा त्रास आधी होतो आणि कोरडेपणाकडे मागाहून लक्ष जातं. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांमधून नसा बाहेर पडतात तिथे, संवेदनेच्या पेशींचे छोटे गठ्ठे असतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती रक्तातल्या घटकांना रोखणारी घट्ट भिंत असते. या गठ्ठ्यांभोवती ती विरळ असते. म्हणून प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे सहज शिरतात. तिथली एक पेशी मेली की तिच्या दोन्ही फांद्या वाळतात, एक तळपायाकडे किंवा बोटाकडे गेलेली आणि दुसरी मज्जारज्जूतून मेंदूकडे गेलेली.

एवढं लक्षात घेतलं की आईंच्या तक्रारींचा चमत्कारिक क्रम चमत्कारिक राहत नाही. मधुमेहात बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो, कारण तिथे सगळ्यात लांब नसांची टोकं आधी मरतात. इथे मूळ पेशीच मरते. त्यामुळे आधी एक हात, मग दुसऱ्या बाजूचा पाय, कधी गालाचा किंवा ओठाचा तुकडा, असं ठिगळाठिगळांनी होतं. आईंना चेहऱ्यावर कुठे बधिर वाटतं का, हे आवर्जून विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत, कारण तोल आणि गाल यांचा संबंध त्यांच्या डोक्यात येणार नाही. स्नायू हलवणाऱ्या पेशी मज्जारज्जूच्या आत असतात, त्या शाबूत राहतात, म्हणून जोर टिकतो. आणि हे सगळं मेंदूच्या बाहेर घडतं, म्हणून मेंदूचा एमआरआय नॉर्मल येतो. त्या नॉर्मल रिपोर्टने लहान मेंदूतली गाठ, पक्षाघाताचा मोठा झटका यांची शंका कमी झाली, इतकंच. ‘मनाचं’ ठरवायला तो पुरत नाही. मनाशी किंवा मेंदूच्या कामकाजाशी निगडित तोल जाण्याचे विकार खरोखर असतात, पण त्यांचीही स्वतःची लक्षणं तपासून निदान करावं लागतं. रिपोर्टात काही सापडलं नाही म्हणून ते नाव देता येत नाही. गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून रिफ्लेक्स पाहिले का? १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर आणि घोट्याच्या हाडावर टेकवून थरथर कळते का विचारलं का? नसेल, तर मुख्य तपासणी अजून व्हायचीच आहे.

मात्र शोग्रेन आहे म्हणजे सगळं खापर त्याच्यावर, असंही करू नका. इथे घाई केली तर बरे होणारे आजार हातचे जातात. हात बोथट होणं आणि चाल बिघडणं ही जोडी मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जू दबला तरी दिसते. फरक असा की तिथे पायांचे रिफ्लेक्स सहसा वाढलेले असतात, आणि गठ्ठ्यांच्या आजारात ते मंद किंवा गायब. शोग्रेनच्या जोडीला कधी मज्जारज्जूचा दाहही होतो. त्यातल्या एका प्रकारात रक्तात अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धची अँटिबॉडी सापडते आणि एमआरआयमध्ये तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा पट्टा दिसतो. म्हणून मानेचा एमआरआय हवाच. मेंदूच्या एमआरआयने तो भरून निघत नाही. गठ्ठ्यांचा आजार असेल तर याच एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी रेघ दिसू शकते, पण रेडिओलॉजिस्टला ‘मागचे स्तंभ पाहा’ असं चिठ्ठीत लिहून दिलं तर ती नजरेतून सुटण्याचा धोका कमी.

मग व्हिटॅमिन. बी१२ ची कमतरता हुबेहूब असाच तोल घालवते. बी१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन प्रतिकारशक्तीनेच नष्ट होतं असा एक ऑटोइम्यून आजार आहे, आणि ऑटोइम्यून आजार एकमेकांचा हात धरून येतात. रक्तात २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासतात. पण आई व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असल्याने आता बी१२ चा आकडा फुगलेला येईल. गोळ्या सुरू होण्याआधीचा जुना रिपोर्ट असेल तर शोधून काढा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देणं धोक्याचं असतं. रक्त सुधारतं आणि नसा बिघडत राहतात.

त्याच गोळ्यांमधलं दुसरं व्हिटॅमिन, बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन, उलट बाजूने त्रास देतं. ते जास्त झालं तर नेमके हेच संवेदनेचे गठ्ठे मारतं. नसांची ताकद वाढवायला दिलेली गोळी नसाच खाते, ही यातली मोठी विसंगती. रोजची कमाल मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम धरतात, तर युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती २०२३ मध्ये १२ मिलिग्रॅमवर आणली. पाकिटाच्या मागे बी६ चा आकडा पाहा, आणि एकापेक्षा जास्त गोळ्यांत ते असेल तर बेरीज करा. तोल आधी गेला आणि गोळ्या नंतर आल्या, त्यामुळे मूळ कारण हे नसेल. पण आगीत तेल कशाला. डॉक्टरांशी बोलून बी६ नसलेलं बी१२ घेता येतं. बंद केल्यावरही काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, त्याने घाबरू नका.

आणखी एक कारण नाव घ्यायला अवघड आहे, पण टाळता येत नाही. फुप्फुसाच्या एका कर्करोगात गाठ दिसण्याच्या आधीच शरीर अँटी-हू नावाची अँटिबॉडी तयार करतं आणि ती हेच गठ्ठे उद्ध्वस्त करणाऱ्या आजाराची खूण असते. म्हणून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अशी सुरुवात झालेल्या माणसाची ही अँटिबॉडी आणि छातीचा सीटी स्कॅन करतात. शोग्रेनमध्ये लिम्फोमाचाही, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचाही, धोका वाढलेला असतो. कानाखालच्या लाळग्रंथीची कायमची सूज, पायांवर जांभळे पुरळ, रक्तातलं सी४ नावाचं प्रथिन कमी, यांपैकी काही असेल तर ते बोलून दाखवा. तपासणीची यादी लांब दिसली म्हणून डॉक्टरांना काही भयंकर सापडलंय असं समजू नका.

उरलेल्या रक्ततपासण्या साध्या: साखरेसाठी एचबीए१सी, थायरॉइडसाठी टीएसएच, तांबं, प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस. खरी लक्ष देण्याची जागा नसांच्या वहनाची चाचणी आहे. चारही हातापायांची मागा. बऱ्याचदा तक्रार पायांची म्हणून फक्त पाय तपासले जातात आणि ‘लांब नसांचा आजार’ असा मोघम रिपोर्ट येतो. हाताच्या संवेदनेच्या लहरी लहान किंवा गायब, डाव्या-उजव्यात फरक, आणि स्नायूंकडच्या लहरी जवळजवळ शाबूत, हे चित्र दिसलं तर आजार गठ्ठ्यांतच असल्याचा पुरावा भक्कम होतो. गरज पडली तर पाठीतून पाणी काढून तपासतात.

हे सगळं न्यूरोलॉजिस्टकडे करा, शक्यतो नसा आणि स्नायू यांचं काम जास्त पाहणाऱ्याकडे, आणि आईंच्या संधिवाततज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून त्यात घ्या. दोघांनी एकमेकांशी बोलणं महत्त्वाचं, कारण निदान एकाकडे होतं आणि औषधं बऱ्याचदा दुसऱ्याकडून येतात. वेळ काही दिवसांत घ्या. मेलेली पेशी परत उगवत नाही. आजार पुढे सरकत असताना दिलेल्या उपचाराला जे यश येतं, ते वर्षानुवर्षं थिजलेल्या आजारात येत नाही. आठ महिने गेले आहेत. त्रास अजून वाढतोय का, की दोन-तीन महिन्यांपासून जिथल्या तिथे आहे, हे तुम्ही नेमकं सांगू शकलात तर औषधाचा निर्णय त्यावर बराच अवलंबून राहील.

उपचारांबद्दल सरळ सांगायचं तर या आजारात औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, अनुभवावर काम चालतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सांध्यांना ठीक आहे, पण नसांचा हा हल्ला थोपवण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, देतात: वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, २ ते ५ दिवसांत विभागून, आणि गुण आला तर पुढे महिन्या-महिन्याने. डोकेदुखी सर्रास होते. मूत्रपिंडावर ताण आणि रक्ताची गुठळी हे दुर्मिळ पण खरे धोके, म्हणून संथ गतीने देतात आणि पुरेसं पाणी प्यायला सांगतात. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब हे इतर पर्याय. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलेला असलाच पाहिजे, आणि घ्यायच्या लसी आधी घेतलेल्या बऱ्या. स्टेरॉइड लांबलं तर मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि खुर्चीतून उठणं जड जातं. तो नव्याने आलेला दुबळेपणा मूळ आजाराच्या खात्यावर टाकू नका, आणि गोळी मनाने अचानक बंदही करू नका.

औषध सुरू होण्याआधी मोजमाप करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ‘थोडं बरं वाटतंय’ एवढंच हाती राहतं. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लावून सेकंद मोजा. पाच बटणं लावायला लागणारा वेळ मोजा, डावा-उजवा हात वेगळा. दर महिन्याला त्याच वेळी, त्याच चपला-बुटांत. तीन ते सहा महिन्यांत या आकड्यांत काहीच हललं नाही तर तेच औषध रेटायचं की बदलायचं, हा प्रश्न तुम्ही ठामपणे विचारू शकता.

चालू औषधांकडेही पाहा. अमिट्रिप्टिलिन तोंड आणखी कोरडं करतं, उठल्यावर रक्तदाब पाडतं आणि सुस्ती आणतं. शोग्रेन आणि तोल दोन्ही असलेल्या माणसासाठी ही निवड वाईट आहे. बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन सुचवलं गेलं तर ते दुखण्यावर काम करतं, तोलावर नाही, आणि जास्त डोसमध्ये झोकांड्या वाढवतं. चक्करसाठी सिनारिझिन महिनोनमहिने घेणं तर टाळाच, त्याने कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. शोग्रेनमध्ये रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडू शकतात. आईंना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ती नोंद डॉक्टरांना द्या.

डोळ्यांवर जरा थांबू, कारण आता त्याच त्यांच्या काठ्या आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन डोळ्याच्या पडद्यावर साठतं. रोजचा डोस वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडद्याची ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी व्हायला हवी. आईंना सहा वर्षं झाली. तपासणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या. कोरड्या डोळ्यांनी दिवसभर नजर धूसर होत असेल तर अश्रूंचे थेंब नियमित घालणं हाही तोलाचाच उपचार ठरतो. दिवसात चारहून जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. जिना उतरताना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेता येतो.

घरातही हाच हिशेब: डोळे कुठे मिटतात आणि उजेड कुठे जातो, ते शोधा. तोंड धुणं खुर्चीत बसून, किंवा एक हात बेसिनच्या कडेला घट्ट धरून ओल्या कापडाने, एकेक डोळा मिटत. केस बसूनच धुवायचे. डोक्यावरून घालायचे कपडे पलंगावर बसून घालायचे. डोकं कापडात अडकतं त्या दोन सेकंदांतही पडायला होतं. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा, आणि वीज गेली तर आपोआप लागणारा एक. न्हाणीघरात भिंतीत पक्की बसवलेली पकड. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही. पायात मागून पट्टा असलेलं, पातळ आणि टणक तळाचं पादत्राण हवं. मऊ, जाड गादीचे बूट आरामशीर वाटतात, पण तळपायाकडून येणारी उरलीसुरली खबरही गिळतात. आंघोळीच्या पाण्याची उष्णता दुसऱ्या कुणी पाहावी आणि तळपाय रोज रात्री तपासावेत, जखम झालेली त्यांना कळणार नाही.

काठी घ्यायला बहुतेक जण लाजतात. इथे ती भार घेण्यापेक्षा खबर देण्याचं काम करते. जमिनीला टेकलेलं टोक हाताला जमीन कुठे आहे ते सांगतं. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी तिची उंची, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं. आईंचा उजवा हात बिघडलेला आहे, म्हणून काठी डाव्या हातात द्या. दोन्ही हात अडखळत असतील तर चार पायांचा वॉकर.

व्यायाम की आराम, याचं उत्तर व्यायाम, पण योग्य तो. मान गरागरा फिरवायचे, डोळे मिटून उभं राहायचे जे व्यायाम चक्करच्या रुग्णांना छापील कागदावर देतात, ते कानासाठी आहेत. घरी एकट्याने तर ते नकोतच. आईंसाठी फ्रेंकेलचे व्यायाम. हाइनरिख फ्रेंकेल या स्विस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, सिफिलिसमुळे मज्जारज्जूचा मागचा भाग गेलेल्या रुग्णांसाठी ते बसवले. तत्त्व एकच: हालचाल संथ, मोठ्याने मोजत, आणि नजर सतत हलणाऱ्या अवयवावर.

पलंगावर उशांना टेकून अर्धवट बसायचं, म्हणजे पाय दिसतात. एक टाच गादीवरून घासत सावकाश वर आणायची, चार मोजेपर्यंत, मग तितक्याच वेगाने सरळ. जमलं की अर्ध्या वाटेवर सांगितल्याक्षणी थांबवायची. थांबणं हेच अवघड असतं, आणि शिकायचं तेच. मग खुर्चीत बसून जमिनीवर खडूने काढलेल्या चार फुल्यांवर एकेक करून पाऊल ठेवायचं. मग खुर्चीतून उठायचं: पाय मागे, धड पुढे, उभं, पुन्हा उलट्या क्रमाने. शेवटी जमिनीवर पावलांच्या खुणा काढून त्यांवर चालायचं, बाजूला आधाराला माणूस किंवा भिंत. वळताना पाय जागेवर पिळायचा नाही. खुणांवर छोटी पावलं टाकत वळायचं. एकेक प्रकार तीन-चार वेळाच, मध्ये विश्रांती, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं. यात जोर लागत नाही, लक्ष लागतं, आणि लक्ष थकलं की चुका पक्क्या होतात. हातासाठी तसंच: बटणं, नाणी उचलणं, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणं, सगळं पाहत-पाहत. सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर करा.

बरं होईल का? वाढ थांबणं हे पहिलं यश धरा. काही जणांत औषधाने थोडी सुधारणा होते. गेलेली संवेदना सगळी परत येण्याची आशा मी तुम्हाला देणार नाही. पण संवेदना तेवढीच राहूनही चालणं सुधारतं, कारण नजर आणि सराव तिची जागा घेतात.

काही गोष्टींत मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, थेट तातडीच्या विभागात. काही तासांत किंवा दिवसांत पायांतला जोर कमी होणं, लघवी तुंबणं, छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. एकाची दोन दिसू लागणं, गिळताना ठसका, श्वास अपुरा पडणं. चेहरा किंवा अर्धं अंग अचानक लुळं पडणं. हा पक्षाघात असू शकतो, आणि त्यात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते, म्हणून शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ सांगा. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर आलेला ताप.

राहिला गहू. ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे तोल जाण्याचा आजार खरा आहे, पण त्यात मुख्यतः लहान मेंदूला इजा होते आणि चित्र वेगळं दिसतं. तरी सीलिअ‍ॅक म्हणजे ग्लूटेनने आतडं बिघडण्याचा आजार शोग्रेनच्या सोबत येऊ शकतो, तेव्हा रक्तातली त्याची अँटिबॉडी तपासून घ्या: टीटीजी आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी खोटी नॉर्मल येते. रक्त देईपर्यंत गहू चालू ठेवा. आधीच बंद केला तर अँटिबॉडी उतरतात आणि मग आजार होता की नव्हता हे कळणं अवघड होतं. चाचणी सकारात्मक येऊन डॉक्टरांनी निदान पक्कं केलं तर आहारात ग्लूटेन पूर्ण आणि कायमचं बंद, अर्धवट नाही. नकारात्मक आली तर आईंच्या ताटातली पोळी काढून घेऊ नका. कोरड्या तोंडाने आधीच जेवण कमी झालेलं असतं.

डॉक्टरांकडे जाताना एकच कागद करा. कुठला अवयव कोणत्या महिन्यात बिघडला, कधी-कुठे पडल्या, अंगठ्याच्या परीक्षेचे गुण, चालण्याचे सेकंद. सोबत जुने रिपोर्ट आणि औषधांची मूळ पाकिटं. नुसती नावं लिहून नेऊ नका, बी६ चा आकडा पाकिटावरच असतो.